फोटोपुरता पक्षी

सकाळी सहाला मी चिमुकला पाणपक्षी जाळ्यातून काढला, पायात नंबराचं वाळं घातलं, वजन केलं: अठ्ठावीस ग्रॅम. मोजलं की लगेच सोडायचा, हा नियम. पण संशोधनकेंद्राच्या संचालकांना पाहुण्यांच्या हस्ते सोडतानाचा फोटो हवा होता. पाहुणे अजून अंघोळीत होते. साडेआठला पक्षी कापडी पिशवीसकट पुन्हा काट्यावर ठेवला. पिशवी वजा जाता सव्वीस. “सर, हा झिजतोय. प्रवासाला निघायचंय त्याला.” सर केस विंचरत होते. “ताई, एवढ्याशाने काय आभाळ कोसळतं?” “तेवढ्या चरबीवर हा रात्रभर समुद्र ओलांडतो. तुम्ही जिना चढताना दोनदा बसता.” “सोडलात, तर उद्यापासून येऊ नका.” मी खिडकी उघडून गाठ सोडली. पक्षी चिखलाकडे झेपावला. तेवढ्यात पाहुणे आले. “उशीर नाही ना झाला?” “छे, छे!” सर म्हणाले. “झाला,” मी म्हटलं, “दोन ग्रॅम.”