हातोहात द्यायचं पत्र

बायकांच्या बाथरूमच्या बाहेरच्या दाराला कडी नव्हती, पण कडीच्या जागी चार ताजी भोकं होती. मॅडमनी एका भोकावर बोट ठेवलं. बोटाला भुसा लागला. म्हणजे कडी आज सकाळीच काढलेली.

"इथे कधीच कुलूप नव्हतं, मॅडम," मॅनेजर मागून म्हणाला. कुणी काही विचारलं नव्हतं.

मॅडमना हसूही आलं नाही. सव्वीस वर्षांपूर्वी अशी भोकं हुडकायला त्या स्वतः कारखान्याकारखान्यांतून हिंडायच्या. तेव्हा शर्ट विकणाऱ्या त्यांच्या कंपनीच्या या खात्यात त्या एकट्या आणि टेबल जिन्याखाली. आता खात्यात चौदा माणसं होती. खात्याचं नाव, शाश्वत विकास आणि मानवी हक्क विभाग, फोनवर सांगता सांगता समोरचा कंटाळायचा. कारखान्यांतून आता फक्त अहवाल यायचे. तक्रार खरी निघाली की त्या कारखान्याची ऑर्डर बंद. मॅडमची सही, विषय संपला. मोठ्या साहेबांना ही पद्धत भारी आवडायची. वार्षिक अहवालात तीन ओळींत मावते, म्हणायचे.

आज यावं लागलं ते कंपनीच्या वकिलामुळे. ऑर्डर बंद केल्याचं पत्र टपालाने नको, हातोहात द्या आणि पोच घ्या, असं त्याने बजावलं होतं. पत्र पर्समध्ये होतं. द्यायचं, सही घ्यायची, गाडीत बसायचं. तीन महिन्यांनी निवृत्ती. पाय सुजले होते. कशाचाच राग येईनासा झाला होता, आणि अलीकडे त्यांना त्याचीच धास्ती वाटायची.

मॅनेजर चहा सांगायला गेला. तोंडावर पाणी मारावं म्हणून मॅडम आत गेल्या. बेसिनपाशी एक बाई हात धूत होती. चाळिशीची, बोटांना कापडाची बारीक तुसं चिकटलेली. शर्टांना कॉलर लावायचं काम तिच्याकडे होतं. तिने आरशातूनच विचारलं, "तक्रारीचे फोन येतात ते तुमच्याकडेच ना?"

"हो."

"ऑर्डर जाणार म्हणतात. इथले निम्म्याहून जास्त शर्ट तुमच्या कंपनीचे. ऑर्डर गेली की गेट बंद. खरं का?"

मॅडमनी नळ सोडला.

"आम्ही दार उघडायला सांगितलं होतं, मॅडम," कॉलरवाली म्हणाली. "कारखाना बंद करायला कुणी सांगितलं?"

उत्तर तयार होतं. मोठमोठ्या सभांत, माईकसमोर, कितीदा देऊन झालेलं. त्यातला पहिला शब्द 'तत्त्व' होता. तो काही केल्या तोंडातून निघेना.

"किती जणी आहात?" त्यांनी विचारलं.

"दोनशे साठ. दार दिवसातून दोनदाच उघडायचं. मी तर सकाळपासून पाणीच पीत नाही. आता तहानही लागत नाही." घंटा झाली. ती पदराला हात पुसत निघून गेली.

केबिनमध्ये चहा आला होता. मॅडमनी पर्स उघडली. पत्राऐवजी चष्मा काढून घातला आणि पर्स बंद केली.

"ते दार काढा," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"बाहेरचं दार. बिजागऱ्यांसकट. सुताराला बोलवा, मी बसलेय."

मॅनेजरने एकदा त्यांच्याकडे, एकदा घड्याळाकडे पाहिलं. शेवटी सुतार आला. दार निघालं, भिंतीला टेकवून ठेवलं गेलं. मॅडमनी स्वतः दोन बायकांना आत जाऊन येताना पाहिलं, तेव्हा मोठ्या साहेबांना फोन लावला.

"दिलं पत्र?"

"नाही. यांना सुधारायला सहा महिने देऊ या. ऑर्डर चालू ठेवून."

"अहो, नियम तुम्हीच केलाय."

"मीच केलाय. चुकलाय."

"आणि सहा महिने लक्ष कोण ठेवणार? तुम्ही तर तीन महिन्यांत घरी."

"मग नाही जात घरी."

साहेब पुटपुटले, कुरकुरले, आणि सहा महिन्यांना हो म्हणाले. नंतर मॅडमनी घरी फोन केला. नवऱ्याने ऐकून घेतलं. "बरं," तो म्हणाला, "गच्चीतल्या कुंड्या मग मी एकटाच भरतो. तू आलीस की पाणी घाल." त्याचा आवाज पडला होता. मॅडमना रडू आलं नाही, नुसतं तिथल्या स्टुलावर बसून राहावंसं वाटलं. त्या बसून राहिल्या.

पाळी सुटली. गेटबाहेर गाडीपाशी कॉलरवाली थांबली होती.

"ऑर्डर राहतेय," मॅडम म्हणाल्या. "आणि फोन कुणी केला ते मी विचारणार नाही."

"मीच केला," ती म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं, जवळ कुणी नव्हतं. "याआधी नदीपलीकडच्या कारखान्यात होते, तिथूनही मीच केला होता. खिडक्यांना जाळ्या ठोकल्या होत्या म्हणून. दोन महिन्यांत पत्र आलं आणि सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या. माझ्या जावेचीही. तिला अजून सांगितलेलं नाही मी. एका घरात राहतो."

मॅडमना ते पत्र आठवलं. त्या वर्षी त्यांना एक सन्मानचिन्ह मिळालं होतं.

"एवढं झाल्यावर पुन्हा फोन केलात?"

"तेव्हा कुणी आलंच नव्हतं हो," ती म्हणाली. "म्हटलं, एकदा कुणी येऊन डोळ्यांनी बघितलं तर बंद नाही करणार. आणि आलात की तुम्ही, बघायला."

मॅडमनी पर्स छातीशी घट्ट धरली आणि मान हलवली. आपण बघायला आलोच नव्हतो, हे त्यांनी तिला सांगितलं नाही.