खोडाभोवतीची दोरी

‘माणूस आणि झाड’ या प्रदर्शनात एक कापलेलं खोड उभं आहे. त्याच्याभोवती ‘हात लावू नका’ची पाटी मीच बांधली, दोरी चांगली सैल ठेवून. आठवड्याभरात ती सालीत रुतली.

मी इथला पहारेकरी. माझ्या डोळ्यांत धूळ फेकून शिल्पकार बाई खोड बदलतात, असा मला दाट संशय. शेवटी विचारलंच.

त्या हसल्या. “काका, कापलेलं लाकूड कधी वाढतं का?”

“मग दोरी आखडली म्हणायची?”

त्यांनी दोरी चाचपली. हसू मावळलं. मग माझ्याकडेच बघत राहिल्या. “आजारी होता का हो? किती वाळलात!”

बायकोही हेच म्हणते. सकाळीच तिने माझ्या पट्ट्याला नवं भोक पाडलं होतं.

मी पाठ फिरवून पँट वर ओढली. पट्टा पुन्हा सैल झाला होता.

पाठीमागे दोरी तटकन तुटली.