घरघर

प्रेसमधून निवृत्त झाल्यावर त्र्यंबकरावांनी काचेच्या व्हॉल्व्हचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर बांधायला घेतला. सगळं जमलं, पण पॉवर सप्लायची घरघर स्पीकरमधून जाता जाईना. बारीक आवाज त्यांना हल्ली ऐकू येत नसत, म्हणून कान सिंधूताईंचे.

"अगं, येते का घरघर?" ते बैठकीतून विचारायचे.

"येते हो जराशी," स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, की लगेच सगळं उसवणं आलं. ट्रान्सफॉर्मर दोनदा नव्याने गुंडाळून झाला, कपॅसिटर बदलून झाले. स्वतःच्या हिशेबांवर त्यांचा कधीच भरवसा नव्हता. बायकोच्या कानांवर मात्र पुरता होता.

रविवारी मित्र ऐकायला येणार होते. शनिवारी दुपारी त्यांनी घरघर गाळणारा नवा चोक जोडला, बटण दाबलं आणि भीतभीतच हाक मारली, "आता गं?"

"आता अगदी किंचित. मागच्यापेक्षा खूपच कमी आहे हो."

त्र्यंबकरावांचा जीव भांड्यात पडला. व्हॉल्व्हमधला लालसर उजेड डोळे भरून बघायला ते खाली वाकले.



एकही व्हॉल्व्ह पेटलेला नव्हता. लोडशेडिंग सुरू होऊन डोक्यावरचा पंखासुद्धा केव्हाच थांबला होता.