ओढ्यापलीकडच्या शेळ्या

शेळीच्या कानाला भोक होतं. रकियानं तो कान उन्हाकडे धरला. भोकातून पलीकडचं आभाळ दिसलं.

"हे कशानं झालं?"

"गोचीड लागली होती," टुंबी गावची पेंडा म्हणाली आणि शेळी ओढून घेतली.

गोचीड म्हणे! गोचीड काय असं गोल, यंत्रानं पाडल्यासारखं भोक पाडते? अन् तेही प्रत्येक शेळीच्या नेमक्या डाव्याच कानाला? पाणी कुठंतरी मुरत होतं, यात शंका नाही.

रकियाचं हे रोजचंच काम. संस्था गावांना मदत करायच्या आणि ती मदत खरंच कामी आली का, हे बघायला राजधानी नियामेहून रकिया यायची. लोकांचे सगळे डाव तिला पाठ होते. तपासणीच्या दिवशी शेजारून शेळ्या उसन्या आणणारी गावं तिनं पाहिली होती. एक लंगडी शेळी तर तिला तीन गावांत भेटली. तिसऱ्या गावात शेळीनंच आधी ओळख दाखवली.

इथं सगळं उलटं होतं. गेल्या दुष्काळानंतर ओढ्याअलीकडच्या गाराडूतल्या बायकांना शेळ्या मिळाल्या, डाव्या कानात पिवळा बिल्ला ठोकून. पलीकडच्या टुंबीला मुद्दामच काही दिलं नाही. तुलनेला एक गाव कोरडं ठेवायचंच असतं. दोन्ही गावं बघायची आणि फरक सांगायचा. फरक दिसला तर गाराडूला खोल विहीर, नाही दिसला तर पैसा दुसरीकडे. आणि गाराडूतल्या निम्म्या शेळ्या गायब होत्या! एक बाई म्हणाली, कोल्ह्यानं नेली. दुसरी म्हणाली, हगवण लागून मेली. तिसरीनं सरळ आभाळाकडे बोट दाखवलं. उपाशी झोपता का, असं विचारलं की सगळ्या ताठ मानेनं सांगायच्या, "छे हो, अल्लाची कृपा आहे." या फुलानी जमातीचा माणूस भुकेनं मरेल, पण भूक लागली म्हणायचा नाही. ताकास तूर लागू देतील तर शपथ!

रकिया कोरडा ओढा ओलांडून तडक गाराडूत आली. मागून तिचा ड्रायव्हर लावाली धापा टाकत आला. शेळ्यांचा सगळा कारभार म्हाताऱ्या टाक्कोकडे होता. ती चटईवर बसून दुधात बाजरी कालवत होती. तिनं भोपळ्याचं भांडं पाहुणीपुढं केलं. रकियानं ते घेतलं नाही. म्हातारीचा चेहरा पडला.

"इन्ना," रकिया म्हणाली. कितीही रागावलं तरी म्हातारीला आईच म्हणायचं असतं. "तुमच्या शेळ्या टुंबीत आहेत. बिल्ले काढून टाकलेत. खरं काय ते सांगा, नाहीतर मला ठाण्यात कळवावं लागेल."

टाक्कोनं सावकाश हात पुसले. "विकल्या मी."

"तुम्ही?"

"मी एकटीनं. बाकीच्या बायकांना ठाऊकसुद्धा नाही. चला, कुठं न्यायचं ते न्या."

इतकं सरळ? रकियाचा संशय उलट वाढला. चोर कधी आपणहून हात पुढं करतो?

"कुणाला विकल्या?"

"होता एक परका माणूस. गेला निघून."

"परका माणूस गेला, अन् शेळ्या टुंबीत कशा?"

"वाट चुकल्या असतील."

लावालीला हसू आवरेना. "वा इन्ना! चुकल्या त्या बरोब्बर तुमच्या व्याह्यांच्याच दारात?"

तेवढ्यात ओढ्यात धुरळा उठला. पेंडा शेळ्यांचं सगळं खांड हाकत येत होती. डोक्यावरचं फडकं सुटलं होतं, त्याचंही तिला भान नव्हतं.

"खोटं बोलते ही!" ती लांबूनच ओरडली. "दोन वेतांपुरत्या दिल्यात आम्हाला. करडं आम्ही ठेवायची, आई परत करायची. पणजोबांपासूनची चाल आहे ही. मागं आमच्या शेळ्या नव्हत्या का हिच्या दारात? घ्या बाई, सगळ्या घ्या, पण हिला नेऊ नका!"

"गप्प बैस गं भवाने!" टाक्को कडाडली. "पलीकडेच राहा म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"मग विकल्या असं का म्हणालात?" रकियानं विचारलं.

"शेळ्या वाटणाऱ्या तुमच्याच माणसानं बजावलं होतं, बाई. दुसऱ्याला दिलेली शेळी जप्त होणार. विकलेली मात्र घेणाऱ्याची. चोर ठरले असते तर एका म्हातारीला नेलं असतं. दिल्या म्हटलं, तर हिच्या लेकरांच्या तोंडचं दूध जातं."

रकियाला स्वतःचीच लाज वाटली. ती चटईवर बसली आणि ते भोपळ्याचं भांडं तिनं आपल्याकडे ओढलं. दोन घोट घेतले.

"इन्ना, चोरीचं मी काही लिहीत नाही. पण दिल्या असं लिहिलं, तर शेळ्या जातील. अन् नाही लिहिलं, तर... दोन्ही गावं मी पालथी घातलीत. दूध सारखं, धान्य सारखं, पोरांचे दंडसुद्धा सारखेच भरलेले. गाराडूत अन् टुंबीत काही फरक नाही. फरक नाही म्हणजे विहीरही नाही."

टाक्को पुढं सरकली. सकाळपासून तिच्या डोळ्यांत जो संशय होता, तो आत्ता कुठं मावळला.

"काहीच फरक नाही?"

"काडीचाही नाही."

म्हातारीनं पेंडाच्या पाठीत धपाटा घातला. "ऐकलंस? अन् वर्षभर माझा जीव खाल्लास, आम्ही मागं पडलो, आम्ही मागं पडलो!" मग ती रकियाकडे वळली.

"लिहा बाई, तेच लिहा. चांगलं मोठ्या अक्षरात लिहा!"