आठव्या फेरीपर्यंत

"पुढच्या वेळी कुणाला आणणार रे तुझ्यासमोर? बाजारातला गोठवलेला ट्यूना मासा?" टॅक्सीवाला तादोकोरो तोंडातला घास न संपवताच म्हणाला.

कानामे हसला नाही. मुष्टियुद्धातल्या जगज्जेतेपदाचा पट्टा त्यानं सहा वेळा राखला होता. आणि समोरचा पडणार, हे सहाही वेळा तिकीट काढून आलेल्या माणसाला आधीच ठाऊक होतं.

"जेवून झालं असेल तर ऊठ," तव्यापलीकडून दुकानाची मालकीण सेत्सुकोनं तादोकोरोला झापलं. "तुझी गिऱ्हाइकं एव्हाना पायी घरी पोचली असतील."

तादोकोरो उठला. दाराशी थांबून त्यानं कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला कमरेतून वाकून नमस्कार केला. कानामेला नुसतं "येतो रे" म्हणाला आणि गेला.

कोपऱ्यातला म्हातारा म्हणजे सेत्सुकोचा नवरा, वाकुई. तोही एके काळी जगज्जेता होता. मेक्सिकोच्या ज्या मुष्टियोद्ध्याला सगळे टाळत होते, त्याला वाकुईनं आपण होऊन आव्हान दिलं आणि नवव्या फेरीत पट्टा गमावला. त्यानं जिंकलेल्या लढतींचा विषय आता कुणी काढत नाही. त्या एका हरलेल्या लढतीसाठी मात्र माणसं अजून ओसाकाच्या या गल्लीत येतात, सेत्सुकोच्या हातचं ओकोनोमियाकी, म्हणजे तव्यावरचं कोबीचं जाड धिरडं, खातात आणि जाताना वाकुईचा हात हातात घेतात. आत्ता त्याच्या गळ्याला फडकं बांधलेलं होतं. सेत्सुकोनं कापून दिलेले तुकडे तो एकेक करून खात होता.

दुकानात दुसरं कुणी उरलं नव्हतं. दुपारची वर्दळ ओसरली होती.

"काकू, आज ओनिशीसाहेबांना उत्तर द्यायचंय," कानामे म्हणाला. ओनिशी त्याच्या जिमचे मालक. तेच त्याच्या लढती ठरवत.

"त्या क्यूशूच्या पोराशी लढायचं का, त्याचं?"

"हो. मिझोरोगीचं."

मिझोरोगीची शेवटची लढत सेत्सुकोनंही टीव्हीवर पाहिली होती. हरलेल्याला स्ट्रेचरवरून नेलं होतं.

"साहेब म्हणतात, कशाला विस्तवाशी खेळतोस? शरदात कुणीतरी बेताचा बघू, त्याला पाडू, आणि मानानं निवृत्त हो."

"मग हो ना."

"मान कसला, काकू? तादोकोरोचं ऐकलंत ना आत्ता तुम्ही." त्यानं समोरची ताटली बाजूला सारली. "मी गेल्यावर माझं नाव कुणाच्या तोंडी राहणार आहे?"

सेत्सुकोनं गॅस बारीक केला. कानामे खुर्ची वळवून म्हाताऱ्यासमोर बसला.

"काका, ती मेक्सिकोवाल्याची लढत. घेतलीत ते बरंच केलंत ना?"

वाकुईनं घास सावकाश गिळला आणि छानसा हसला.

"चांगली लढत होती म्हणे."

कानामेला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. त्यानं सेत्सुकोकडे पाहिलं.

"त्यांना आठवत नाही ती," सेत्सुको म्हणाली. "दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले, तेव्हापासूनच नाही. लोक सांगतात, ते ऐकतात. कुणी तीच लढत तिसऱ्यांदा सांगितली, तरी नव्यानं ऐकतात."

"पण सगळ्या ओसाकाला..."

"सगळ्या ओसाकाला आठवते."

वाकुई मान डोलावत होता, जणू दुसऱ्याच कुणाचं तरी कौतुक चाललंय.

"तुम्ही अडवलं नव्हतं त्यांना?" कानामेनं हळूच विचारलं.

"अडवलं की. पायसुद्धा धरले. ऐकलं नाही." ती उलथन्यानं तवा खरवडू लागली. चिकटलेलं सगळं निघालं तरी खरवडत राहिली. "खरं सांगू? आठव्या फेरीपर्यंत मला वाटत होतं, बरं झालं माझं ऐकलं नाही. ह्या माणसाबरोबर इतकी वर्षं एका घरात राहिले होते, पण त्या दिवशी रिंगणात होता तसा मी त्याला कधी पाहिलाच नव्हता. खुर्चीवर उभी राहून ओरडत होते मी. आणखी मार, आणखी मार."

उलथनं थांबलं.

"नवव्या फेरीतही ओरडतच होते."

कानामे खाली बघत राहिला. मग म्हाताराच बोलला.

"तू कुणाशी लढतोयस?"

"मिझोरोगीशी."

नाव वाकुईला ओळखीचं नव्हतं. त्यानं थोडा विचार केला.

"तुझ्यापेक्षा भारी आहे?"

जिममध्ये महिनाभर खल चालला होता. मिझोरोगीचं वय, त्याच्या हातांची लांबी, त्याचा डावा ठोसा, सगळं बोलून झालं होतं. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

"हो," कानामे म्हणाला. "बहुतेक आहे."

वाकुई खळखळून हसला. तोंडातला तुकडा फडक्यावर पडला तरी त्याचं हसू थांबेना.

"मग मजा आहे तुझी!"

सेत्सुको काउंटरमागून आली आणि नवऱ्याचं तोंड पुसू लागली. कानामे उठला. दोघांना वाकून नमस्कार करून बाहेर पडला. त्याला थांबवावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण दार तोवर सरकून बंद झालं होतं.

काचेतून तो दिसत होता. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यानं फोन लावला. आधी ऐकत होता, मग थोडंसं बोलला. मग फोन कानाला तसाच धरून, समोर कुणी नसताना, कमरेतून खोल वाकला. पुन्हा वाकला. हवी ती लढत मिळाल्यावर उपकार मानतात तसा.

"कोण होता गं तो?" वाकुईनं काचेकडे बघत विचारलं. "त्याला बघून बरं वाटलं."

सेत्सुकोनं फडक्याची गाठ सोडली. मग नवऱ्याची खुर्ची दोन्ही हातांनी धरली आणि काचेकडे पाठ होईल अशी फिरवली.