अभिप्रायाखालचा अभिप्राय

नानाजींच्या तीन ओळींखाली कुणीतरी पाच ओळी लिहून ठेवल्या होत्या.

मंगरूळपीरच्या वाचनालयातल्या अभिप्रायवहीत नानाजींशिवाय फारसं कुणी लिहीत नसे. कृषी सहाय्यक म्हणून निवृत्त झाल्यापासून ते दर गुरुवारी आसेगावहून एसटीनं यायचे, दोन पुस्तकं परत करायचे, दोन न्यायचे आणि आवडलेल्या पुस्तकावर ठसठशीत अक्षरात मत नोंदवायचे. मागच्या खेपेला त्यांनी विहिरी खोदणाऱ्या माणसाच्या एका कादंबरीवर लिहिलं होतं, ‘नायक करारी. घरासाठी झिजलेला. असा कुटुंबप्रमुख आज दुर्मीळ.’

त्याखाली बारीक, निळ्या अक्षरात उत्तर होतं. ‘पुस्तक मलाही आवडले. पण हा माणूस गावभर पाणी शोधतो आणि घरातल्या बाईशी दीडशे पानांत एकदाही धड बोलत नाही. लेखकाला ते माहीत आहे. वाचणाऱ्याच्या लक्षात आले नाही, याचे वाईट वाटले.’ नाव नव्हतं. नुसतं ‘एक वाचक’.

नानाजींना राग आला. उत्तर द्यायचंच म्हणून त्यांनी कादंबरी पुन्हा नेली. दीडशे पानं पुन्हा वाचली. पुढच्या गुरुवारी त्यांनी वहीत लिहिलं, ‘वाचक म्हणतात ते खरे आहे.’

हिवाळाभर असंच चाललं. सायकलवरून देश फिरलेल्या माणसाच्या पुस्तकाची नानाजींनी तारीफ केली, तर खाली आलं, ‘खाल्लेले फार लिहिले आहे, पाहिलेले कमी.’ ते आठवून नानाजी परतीच्या एसटीत एकटेच हसले. एका नर्सच्या आत्मचरित्राबद्दल त्यांनी ‘डोळे पाणावतात’ असं लिहिलं. उत्तर आलं, ‘मी रडले नाही. ती कामावरून आल्यावर अंगणात एकटी बसून चहा पिते, ते पान मात्र तीनदा वाचले.’

‘रडले’वरून ती बाई आहे हे कळलं. नानाजींनी वाचनालय सांभाळणाऱ्या शेषरावांना विचारून पाहिलं.

“नाव सांगू नका, असं बजावलं हाये त्यायनं मले,” शेषराव म्हणाले.

मग एक गुरुवार असा आला की नानाजी वहीपाशी उभेच राहिले. मागच्या वेळी त्यांनी मत नोंदवलेलं पुस्तक शिकू पाहणाऱ्या एका मुलीबद्दल होतं. खाली दोनच ओळी होत्या. ‘मुलीची पुस्तके काढून घेतात, ते पान वाचवेना. आमच्या घरात हे झाले आहे.’

नानाजींनी खुर्ची ओढली आणि त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या.

मंजू. त्यांची एकुलती एक लेक. बारा वर्षांपूर्वी वाशीमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. घरी आली की कादंबऱ्या घेऊन बसायची आणि बापाला उलट प्रश्न करायची. पुस्तकांनी पोरीचं डोकं फिरलं म्हणत नानाजींनी तिचं कॉलेज सोडवलं, तिची पेटीभर पुस्तकं रद्दीत घातली आणि पोहरादेवीकडच्या एका गावात तिला देऊन टाकलं. तेव्हापासून ती बापाशी दोनच शब्द बोलायची. “बरी आहो.”

वहीतलं अक्षर ओळखीचं वाटत नव्हतं. पण बारा वर्षांत माणूस बदलतं, तिथं अक्षराचं काय.

घरी कस्तुराबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

“मंजू मंगरूळले येते का कदी?” नानाजींनी बायकोला विचारलं.

“सोमवारी तिथं गुडघ्याच्या शेकाले जातो मी. मले तं नाई दिसली. काहून?”

“काई नाई. पुस्तकाची गोष्ट हाये. तुले नाई समजाची.”

“हाव,” म्हणून कस्तुराबाईंनी पुढची शेंग उचलली.

शनिवारी ते मंजूकडे जायला मानोऱ्याच्या गाडीत बसले. पिशवीत एक नवी कोरी कादंबरी होती.

मंजू ओसरीवर शिलाई मशीन चालवत होती. बापाला एकट्याला दारात पाहून तिचा पाय थांबला. तिनं पाणी आणून दिलं. नानाजींनी तांब्या हातातच धरून ठेवला.

“वहीतलं वाचलं म्या,” ते म्हणाले. “सारं वाचलं.”

“वही मालूम हाये मले,” मंजू हळूच म्हणाली.

नानाजींना जरा धीर आला. “तुही पुस्तकं रद्दीत घातली, ते माही चुकी होती. मी सोता वाचनारा मानूस. तरी घातली. बारा वर्सं झाले, तोंडातून शब्द नाई निंगला.” त्यांनी पिशवीतलं पुस्तक तिच्यापुढे धरलं. “तुह्यासारखं वाचता नाई येत मले. हे वहीतून कळलं.”

मंजूनं पुस्तक घेतलं. ते न उघडता मशीनवर ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते.

“बाबा, तवापासून म्या एक पुस्तक नाई वाचलं. पयले राग होता. मंग सवयच गेली.”

“अन् वही?”

“वहीत माहं एक अक्षर नाई.”

“मंग कोन लिहिते?”

मंजूनं पदरानं डोळे टिपले.

“सोमवारी आई वाचनालयातूनच फोन लावते मले,” ती म्हणाली. “आंदी तुमचं वाचून दाखवते, मंग सोताचं.”