मालकाची तक्रार

"साठ दिवस? अगं मुली, तुमची कंपनीच अठरा दिवसांनी बंद होतेय!" कासिल्दा फोनवर ओरडली.

तिच्या नवऱ्याच्या, एलेउतेरिओच्या नावाची वेबसाइट होती. त्याचे चारांगो, म्हणजे दहा तारांची ती छोटी वाद्यं, तिथूनच जगभर जायची. तो वारल्यावर बोलिव्हियातल्या आयकिले गावातला कारखाना कासिल्दा दोन कारागिरांना घेऊन चालवत होती. वेबसाइटचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं तिचं नाव, सांभाळणारी कंपनी बंद होत होती, म्हणून ते आता दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं होतं. नाही नेलं, तर अठरा दिवसांनी ते नाव कोणीही उचललं असतं.

आणि घोळ तिनंच घातला होता. कुठल्याही कामाआधी कागद सरळ करायचे, ही इथल्या माणसांच्या अंगात मुरलेली सवय. मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला, त्यावर नोटरीचे शिक्के, असं सगळं पाठवून तिनं आधी मालकाच्या जागी स्वतःचं नाव चढवून घेतलं. मालक बदलला की साठ दिवस डोमेनला कुलूप, ते हलवता येत नाही, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

"आणि मी काहीच बदललं नसतं तर?"

"तर दहा मिनिटांचं काम होतं, कासिल्दाबाई. डोमेन हलवायचा कोड तुमच्या यजमानांच्या मेलवर आला असता."

"ती मेल मीच उघडते!"

"मग झालंच असतं की."

कासिल्दाला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. दोन दिवस नोटरीच्या दारात ताटकळली होती ती, आणि वर हे!

"म्हणजे तुम्हाला मेलेला नवरा चालतो, जिवंत बायको नाही?"

पलीकडची मुलगी हळूच म्हणाली, "एक वाट आहे. मी सांगितली म्हणू नका. जुन्या मालकानं मेलवरून तक्रार केली, की आपल्याला न विचारता नाव बदललं, तर बदल रद्द होतो. कुलूपही निघतं."

"जुना मालक मातीखाली आहे! त्याचा दाखला दिलाय ना तुम्हाला?"

"तक्रारी मशीन बघतं. त्याला मेल कळते, दाखला नाही. फक्त नाव बदलणारं माणूस घरचंच आहे असं लिहू नका, लगेच नाकारतं."

कासिल्दानं एलेउतेरिओची मेल उघडली आणि तिथून तक्रारीचा अर्ज भरायला घेतला. नाव कोणी बदललं, या प्रश्नापुढे तिनं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. पुढचा प्रश्न नात्याचा होता. त्यापाशी ती बराच वेळ थांबली.

मग बेचाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याच्या वतीनं तिनं लिहिलं, 'या बाईला मी ओळखत नाही.'